दरबाराची भिंत आणि झोपेची फळी

जय विलास या नावाचे दोन राजवाडे मराठी मुलखातल्या घराण्यांनी बांधले. एक ग्वाल्हेरला, कण्हेरखेडहून निघून उत्तरेत राज्य उभं केलेल्या शिंद्यांचा. दुसरा जव्हारला, महादेव कोळी समाजातल्या मुकणे राजांचा. पहिल्याची ख्याती देशभर आहे. दुसरा बघायला पालघर जिल्ह्याबाहेरची माणसं अजून थोडीच जातात. डहाणू-तलासरीच्या लोकांना मात्र जव्हारचं राजघराणं परकं नाही. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची चैत्रातली जत्रा भरते, तेव्हा गडावर चढणारा ध्वज जव्हारच्या मुकणे घराण्याकडून येतो, आणि वाघाडीचा पुजारी तो मध्यरात्री शिखरावर नेऊन लावतो. राज्य 1948 साली मुंबई प्रांतात विलीन झालं. ध्वजाचा मान तसाच राहिला.

ग्वाल्हेरचा जय विलास जयाजीराव शिंद्यांनी 1874 साली पुरा केला. मायकेल फिलोज या त्यांच्या पदरच्या वास्तुकाराने तो रेखला. इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येणार होता, त्याच्या स्वागताला शोभेल अशी वास्तू हवी होती. दरबार हॉलच्या छताला दोन झुंबरं टांगली. एकेकाचं वजन साडेतीन टनांच्या घरात. छत हे ओझं पेलेल का, हे पाहायला आधी त्यावर हत्ती चढवले अशी कथा तिथले वाटाडे आजही सांगतात. खालचा गालिचा ग्वाल्हेरच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला. त्याला बारा वर्षं लागली असं सांगतात.

प्रेक्षक मान वर करून झुंबरं पाहतो आणि गालिच्यावरून पुढे जातो. खरं तर त्या दालनात सर्वांत जास्त माणसाचा वेळ गालिच्यात साठलेला आहे. कोठडीत निजणाऱ्यांनी तो विणला आणि ज्यांना कधी जमिनीवर निजावं लागलं नाही त्यांच्या पायांखाली तो अंथरला गेला. दरबाराच्या कुठल्याही दालनाबद्दल विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच असावा: हे ज्यांनी उभं केलं, झाडलं, उजळलं, राखलं, ती माणसं रात्री कुठे झोपत होती?

जव्हारचा जय विलास त्या मानाने लहान. राजा यशवंतराव मुकण्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो बांधला. दगडी भिंती, घुमट, उंच खांब, आजूबाजूला काजूची झाडं. जव्हारच्या राजाला नऊ तोफांची सलामी होती. ब्रिटिशांच्या कोष्टकात नऊ तोफा म्हणजे सलामीवाल्या संस्थानांतली तळाची पायरी. पण आदिवासी समाजातून आलेलं, चौदाव्या शतकापासूनचा इतिहास सांगणारं घराणं त्या कोष्टकात होतं, याचं मोल तोफांच्या आकड्यात मावणारं नाही. जव्हार, मोखाड्याच्या पाड्यांवरच्या माणसाला राजा म्हणजे आपल्याच भाषेत बोलणारा, आपल्याच देवांना भजणारा माणूस होता. आणि तरीही राजवाड्यातल्या बैठकीच्या दालनापासून पाड्यावरच्या कुडाच्या घरापर्यंतचं अंतर दुसऱ्या कुठल्याही संस्थानात असेल तेवढंच होतं.

राजवाड्यात एक सोय असते. दरबार एका टोकाला, शयनगृहं दुसऱ्या टोकाला, नोकरांच्या खोल्या आणखी पलीकडे. मधले चौक, जिने आणि बागा इतक्या की कुणाला कुणाची झोप दिसत नाही. जहाजावर ही सोय नाही. तिथे सगळी माणसं एकाच लोखंडी सांगाड्यात कोंबायची असतात, त्यामुळे कुणाला किती जागा मिळाली हे फूट-इंचांत मोजता येतं. ग्वाल्हेरच्या जय विलासचं नातं अशाच एका जहाजाशी जुळलं.

त्या जहाजाचं मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनीने ते इंग्लंडमधल्या बॅरो इथे बांधून घेतलं, आणि 1891 पासून ते व्हँकूव्हरहून योकोहामा, शांघाय, हाँगकाँगकडे जाऊ लागलं. पांढऱ्याशुभ्र रंगाचं, डौलदार, टपाल वाहणारं जहाज. त्यावर 770 उतारूंची सोय होती: पहिल्या वर्गाचे 120, दुसऱ्या वर्गाचे 50, आणि तळाच्या वर्गाचे 600. त्या काळच्या आगबोटींवर पहिल्या वर्गाच्या केबिन जहाजाच्या मध्यभागी असत, कारण तिथे हेलकावा कमी लागतो. त्यांच्याजवळच जेवणाचं आणि बैठकीचं मोठं दालन, कोरीव लाकूड, गालिचे, आरसे. समुद्रावर तरंगणारा राजवाडा अशी जाहिरात कंपन्या करत, ती या दालनाच्या जोरावर. तळाचा वर्ग पाण्याच्या पातळीशी, एकावर एक फळ्या ठोकलेला. ‘एम्प्रेस’च्या तळाच्या वर्गात बहुतेक चिनी मजूर असत. कॅनडात उतरताना त्यांना माणशी कर भरावा लागे. 1885 साली तो पन्नास डॉलर होता, 1903 साली पाचशे झाला. म्हणजे ज्याची फळी सर्वांत अरुंद, त्यालाच किनाऱ्यावर पाय ठेवायला सर्वांत जास्त पैसे मोजावे लागत.

डिसेंबर 1914 मध्ये ग्वाल्हेरचे राजे माधवराव शिंद्यांनी हे जहाज विकत घेतलं. पहिलं महायुद्ध पेटलं होतं. फ्रान्सच्या खंदकांत हिंदी शिपाई लढत होते, आणि जखमींना परत आणायला जहाजं पुरत नव्हती. माधवरावांना या कामाचा अनुभव होता. 1900 साली चीनच्या मोहिमेत त्यांनी ‘ग्वाल्हेर’ नावाचं रुग्णालय-जहाज स्वतःच्या खर्चाने दिलं होतं आणि ते स्वतःही चीनला गेले होते. आता या जहाजाचं नाव ‘लॉयल्टी’ ठेवलं गेलं. संस्थानिकांच्या पैशाने ते रुग्णालय झालं आणि हिंदी जखमींना घेऊन युरोप आणि मुंबईच्या दरम्यान फिरू लागलं. श्रीमंतांसाठी बांधलेल्या जहाजावर गावोगावचे शिपाई पांढऱ्या चादरींवर निजले.

ही गोष्ट मनापासून कौतुक करावी अशी आहे, आणि तिचं कौतुक झालंही. पण हेही खरं की त्या शिपायाला आगबोटीवर स्वतःची गादी मिळाली ती पाय गमावल्यावर. युद्धाला जाताना त्याला सैन्य वाहणाऱ्या जहाजाचा तळच वाट्याला आला होता.

युद्ध संपल्यावर ‘लॉयल्टी’ विकायला निघालं. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घेतलं आणि ज्याच्याकडून जहाज मिळालं त्याच घराण्याचं नाव कंपनीला दिलं: सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं. ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीला हिंदी भांडवलाने दिलेलं हे आव्हान होतं. 1964 पासून 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो या सफरीमुळे. जहाज स्वतः फार टिकलं नाही. 1923 साली ते मुंबईतच मोडीत गेलं.

डहाणूला अशी आगबोट कधी थांबली नाही. इथला प्रवासी 1864 पासून रेल्वेने जातो. इथलं बंदर मासेमारीच्या होड्यांचं, गवत आणि लाकूड नेणाऱ्या गलबतांचं. मात्र या किनाऱ्याच्या आठवणीत जहाजातून आलेल्या उतारूंची एक गोष्ट इतकी खोल रुतलेली आहे की तिच्यापुढे आगबोटींचा जमाना कालपरवाचा वाटावा. इराणातून निघालेले झरथुष्ट्री दीवमार्गे संजाणला उतरले. वाटेत वादळात जहाजं सापडली, तेव्हा सुखरूप पोचलो तर अग्नीची स्थापना करू असा नवस त्यांनी बोलला, असं परंपरा सांगते. संजाण आज गुजरातेत आहे, तलासरीच्या अगदी शेजारी. तिथे त्या आगमनाच्या स्मरणार्थ 1920 साली उभारलेला स्तंभ आहे.

नवस फेडला गेला. संजाणला आतश बहराम स्थापन झाला. या दर्जाचा अग्नी सोळा ठिकाणचे अग्नी शुद्ध करून, एकत्र आणून सिद्ध करतात. त्यांतला एक आकाशातल्या विजेपासून पेटलेला लागतो. सिद्ध झालेल्या अग्नीला राजाचा मान असतो. संजाणच्या अग्नीचं नाव इराणशाह. त्याला वेदीवर बसवणं म्हणजे तख्तावर बसवणं. त्याच्या डोक्यावर धातूचं तबक टांगलेलं असतं आणि ते त्याचा ताज मानलं जातं. दिवसाच्या पाच प्रहरांना दस्तूर-मोबेद, म्हणजे धर्मगुरू, त्याला लाकूड अर्पण करतात, घंटा वाजवतात. त्याच्या दालनात त्यांच्यावाचून कुणी पाऊल टाकत नाही.

पुढे संजाणवर स्वारी झाली, गाव पडलं, आणि या राजाला घेऊन त्याची माणसं डोंगरात शिरली. तो डोंगर म्हणजे डहाणू तालुक्यातला बाहरोट. बोर्डीहून आत अस्वालीकडे गेलं की तो समोर उभा राहतो. माथ्याजवळ कातळात कोरलेल्या गुहा आहेत. परंपरेप्रमाणे इराणशाह इथे बारा वर्षं राहिला. मग वांसदा, नवसारी असा फिरत 1742 साली तो उदवाड्याला स्थिरावला आणि आजही तिथे तेवतो आहे.

बाहरोटच्या गुहेत आज काय आहे? कातळ, ओल, वटवाघळांचा वास, आणि दाराशी आलेला उजेड. नक्षी नाही, झुंबर नाही. पण दरबार म्हणून जे काही लागतं ते सगळं इथे बारा वर्षं होतं. राजा होता, त्याच्या भेटीच्या वेळा होत्या, त्याची चाकरी करणारे होते, आणि चुकूनही न मोडणारा रिवाज होता. ज्या हातांनी तो रिवाज सांभाळला त्यांची झोपायची जागाही तिथेच, शेजारच्या कपारीत असणार. डोंगरावर दुसरीकडे जाणार कुठे? पावसाळ्यात लाकूड कोरडं ठेवायचं, अग्नीला रात्रीचा प्रहर चुकू द्यायचा नाही, आणि खाली मैदानात शत्रू. अशा वेळी पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांना राजाची ऊब मिळत होती. राजा आणि चाकर यांची झोपण्याची जागा एवढी जवळ आलेली दुसरी राजधानी इतिहासात शोधावी लागेल. पारशी भाविक अजून त्या डोंगरावर चढून जातात आणि गुहेत प्रार्थना करतात. बोर्डी, घोलवड, डहाणूच्या चिकूच्या वाड्यांत राहणारी इराणी-पारशी कुटुंबं या किनाऱ्याची होऊन गेली आहेत. त्यांच्या मेहनतीचा वाटा असलेल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं.

याच डोंगरांच्या पायथ्याशी आणखी एक दरबार भरतो, वर्षातून काही दिवस, आणि त्याची जागा शोधायची तर वारल्याच्या घरात वाकून शिरावं लागतं. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप. खिडकी नाही किंवा असून नसल्यासारखी. आत चूल, धान्याची कणगी, एका अंगाला गुरं, आणि उरलेल्या जमिनीवर रात्री घरच्यांची अंथरुणं. लग्न ठरलं की आतली एक भिंत गेरूने सारवतात. सवाशिणी तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीचं टोक चेचून, त्या भिंतीवर चौक लिहितात. चौकाच्या मधोमध पालघट देवी. तिच्याभोवती रेषांच्या वेलपट्ट्या, बाजूला सूर्य-चंद्र, शिडी, फणी, झाडं, घोड्यावरचे नवरा-नवरी. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लावते. लग्न लावणारी ही बाई असते, हे शहरातल्या वाचकाने थांबून लक्षात घ्यावं. चौक लिहिल्याशिवाय लग्न होत नाही.

वारल्याच्या घरात समारंभाची वेगळी खोली नाही. ज्या भिंतीवर देवी बसते तिच्याच पायाशी पोरं झोपतात. लग्न आटोपतं, पाहुणे जातात, आणि धुराने पिवळा पडत चाललेला चौक पुढे कित्येक महिने घरच्यांच्या झोपेवर नजर ठेवून असतो. जय विलासमध्ये दरबार आणि शयनगृह यांच्यामध्ये चौक आणि जिने घातले. इथे दोन्हींच्या मध्ये वीतभरसुद्धा जागा नाही. ही केवळ गरिबीची अडचण मानणं चूक आहे. देवीला घराच्या सर्वांत आतल्या, सर्वांत अंधाऱ्या, सर्वांत खासगी जागी बोलावणं ही जाणून केलेली निवड आहे. तिला पाहायला परक्या माणसांनी यावं अशी तिची अपेक्षाच नाही.

पण या भिंतीची किंमत एके काळी फार भयंकर होती. लग्नाला पैसा लागे, तो सावकार किंवा जमीनदार देई, आणि त्या कर्जापोटी नवरा आणि त्याची बायको मालकाच्या घरी राबायला बांधले जात. कधी ते कर्ज फिटायचं, कधी जन्मभर फिटायचं नाही, आणि मग मुलं त्याच कर्जात वाढायची. यांना लग्नगडी म्हणत. म्हणजे पालघटीसमोर ज्या रात्री माणसाचा संसार सुरू झाला त्याच रात्री त्याची पुढच्या आयुष्याची झोप दुसऱ्याच्या मालकीची झाली. मालकाच्या हाकेला उठायचं, मालकाने सोडलं की निजायचं, तेही गोठ्यात किंवा खळ्यावर.

हे संपवलं ते इथल्याच माणसांनी. 23 मे 1945 रोजी तलासरी भागातल्या झरी गावात किसान सभेची परिषद भरली, हजारो वारली चालत आले, आणि वेठ आणि लग्नगडी आम्ही मानत नाही असं ठरवून उठले. किसान सभेचे पुढारी गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. पाच माणसं मेली, त्यांत जेठ्या गांगड होता. गोदावरीबाईंनी हा सगळा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला आणि त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तलासरीत परुळेकरांच्या नावाचं महाविद्यालय आहे. झरीला दालन नव्हतं, उघड्या आभाळाखाली बैठक होती. तरी या तालुक्यात आजवर भरलेल्या सगळ्या दरबारांत तिचा मान पहिला धरायला हवा.

त्यानंतर तीसेक वर्षांनी ती भिंत घराबाहेर पडली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी लग्नाची वाट न पाहता, रोज, स्वतःच्या आनंदासाठी चित्रं काढायला सुरुवात केली. तोवर हे काम बायकांचं आणि समारंभापुरतं होतं. भास्कर कुलकर्णी या कलावंताने वारली चित्रं मुंबई-दिल्लीपर्यंत नेली. 1976 साली म्हशेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1989 साली त्यांची चित्रं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात होती, 2003 साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्ट पालास्ट संग्रहालयात रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या जोडीने त्यांचं प्रदर्शन भरलं. 2011 साली पद्मश्री. 15 मे 2018 रोजी ते गेले. माशांच्या जाळ्याचं त्यांचं एक प्रसिद्ध चित्र आहे. बारीक बारीक रेघांचं इतकं मोठं जाळं की पाहणाऱ्याला समोर भिंत आहे याचा विसर पडतो.

आज वारली चित्र पंचतारांकित हॉटेलांच्या स्वागतकक्षांत आहे, विमानतळांवर आहे, चहाच्या कपावर आहे. त्याला 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे. चित्राला मोठमोठी दालनं मिळाली याचा आनंद मानायलाच हवा. मात्र ज्या घरातून ते आलं त्या घरातली माणसं आज रात्री कुठे निजली आहेत याची चौकशी त्या दालनांत होत नाही. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हारची कितीतरी कुटुंबं भाताची कापणी झाली की भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि कच्च्या विटा रचून केलेल्या खोपटात पावसाळ्यापर्यंत राहतात. आणि कितीतरी पुरुष समुद्रावर जातात.

समुद्रावर जाणाऱ्यांची गोष्ट किनाऱ्याबाहेर फारशी सांगितली जात नाही. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून तरुण मुलं ऑगस्टमध्ये निघतात ती ओखा, पोरबंदर, वेरावळ, मांगरोळच्या बंदरांत. तिथल्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून त्यांची भरती होते. मुकादम घरी येतो, उचल देतो, ती उचल घराच्या छपरात, आजारपणात, लग्नात खर्च होते, आणि मग माणूस हंगाम फेडायला जातो. लग्नगड्याची गोष्ट माहीत असलेल्याला इथे क्षणभर अंगावर काटा येतो. फरक आहे आणि तो मोठा आहे: हंगाम संपला की हा माणूस मोकळा असतो, पुढच्या वर्षी दुसऱ्या बोटीवर जाऊ शकतो. तो फरक झरीत मिळवलेला आहे.

बोटीवर तांडेलासह सातआठ माणसं. फेरी पंधरावीस दिवसांची, कधी त्याहून लांब. पुढच्या बाजूला बर्फाचे आणि मासळीचे खण, मागे केबिन, तिच्याखाली इंजिन. झोपायची सोय म्हणजे केबिनमधली फळी. ती सगळ्यांना पुरत नाही, म्हणून कुणी इंजिनाच्या उष्णतेत, कुणी जाळ्याच्या ढिगावर, कुणी उघड्या डेकवर. सलग रात्र कुणालाच मिळत नाही. जाळं टाकलं की दोनतीन तास, ओढायची वेळ आली की उठायचं, मासळी निवडायची, बर्फात भरायची, परत जाळं टाकायचं. डिझेलचा वास आणि इंजिनाचा आवाज झोपेतही सुटत नाही. शौचालय बहुतेक बोटींवर नाही. अंगावरचे कपडे ओले, मिठाने कडक झालेले.

आणि पलीकडे सागरी सीमा. पाण्यावर रेघ दिसत नाही. मासळीच्या मागे बोट वाहवते किंवा नुसती जवळ जाते, आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा ती पकडते. मग कराचीच्या तुरुंगात महिने, कधी वर्षं. 2008 च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. गुजरातच्या बोटी पकडल्या गेल्या की त्या यादीत डहाणू-तलासरीची नावं असतात. इथल्या घरांत त्या दोन तारखांची वाट पाहणाऱ्या बायका आहेत. शिक्षा संपली तरी ओळख पटून, कागद हलून सुटका व्हायला वेळ लागतो. तिथून घरी शवपेटीतून परतलेली माणसंही या तालुक्यांनी पाहिली आहेत.

जगातल्या जहाजांवरच्या झोपेला कायद्याने माप दिलेलं आहे, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. 2006 च्या सागरी कामगार करारात लिहिलं आहे की नाविकाचा पलंग आतून किमान 198 सेंटिमीटर लांब आणि 80 सेंटिमीटर रुंद हवा. प्रत्येकाला वेगळा पलंग हवा. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’च्या काळात उतारूची ऐपत जागा ठरवत होती आणि खलाशाला तर कुणी विचारतच नव्हतं. तिथून इथवर यायला शंभर वर्षांचे लढे लागले. भारताने हा करार 2015 साली स्वीकारला. त्यामुळे मुंबईहून निघणाऱ्या आलिशान प्रवासी जहाजावर थाळ्या उचलणाऱ्या पोऱ्यालाही तेवढ्या फळीचा हक्क आहे.

मासेमारीच्या बोटी या करारातून वगळलेल्या आहेत. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2007 साली वेगळा करार केला, क्रमांक 188. तो 2017 पासून अमलात आहे. त्यात झोपायच्या जागेबद्दल, गादीबद्दल, हवेबद्दल, पिण्याच्या पाण्याबद्दल, किमान विश्रांतीच्या तासांबद्दल कलमं आहेत. मोठ्या बोटींसाठी पलंगाचं माप तेच आहे: 198 गुणिले 80. लहान बोटींना सवलती आहेत, पण माणसाला निजायला योग्य जागा हवी हे त्यांनाही लागू आहे. आशियात थायलंडने तो स्वीकारला. भारताने अजून स्वीकारलेला नाही.

डहाणूच्या किनाऱ्यावर आता वाढवण बंदर उभं राहतं आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी त्याची पायाभरणी झाली. खर्च सुमारे 76 हजार कोटी. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, आणि त्यामागची कारणं ज्यांनी वाढवण, वरोर, धाकटी डहाणूची खाजणं आणि खडकाळ किनारा पाहिला आहे त्यांना सांगायला नकोत. बंदर झालं तर जगातली अवाढव्य कंटेनर जहाजं इथे लागतील. त्यांच्यावरच्या फिलिपिनो, युक्रेनी, केरळी नाविकाला 198 गुणिले 80 चा पलंग असेल, दारावर नाव असेल, आणि तो पलंग अपुरा निघाला तर जहाज अडवून ठेवण्याचा अधिकार भारत सरकारच्या सर्वेक्षकाला असेल. त्याच पाण्यात, त्याच क्षितिजावर, डहाणूच्या आणि सौराष्ट्राच्या बोटी जाळी टाकत असतील. तलासरीच्या पाड्यावरून आलेला विशीतला खलाशी त्यांवर जाळ्याच्या ढिगावर दोन तास पडून घेत असेल, आणि त्याची फळी मोजायला फूटपट्टी घेऊन कुणी येणार नाही. करार क्रमांक 188 वर सही करायला समुद्रात भराव घालावा लागत नाही. मच्छीमार सहकारी संस्थांनी, तालुक्यातल्या लोकप्रतिनिधींनी आणि बंदरावर बोलणाऱ्या प्रत्येक सभेने ही मागणी आपल्या यादीत वर घ्यावी: बोटीवर माणशी एक पलंग, एक गादी, आणि रात्रीचे सलग सहा तास.